दोघी वाकतात तिथला माझा दगड

मी, खाली सही करणारी फिदेन्सिया साराते बाउतिस्ता, वय वर्षे सत्तावीस, अविवाहित, धंदा जुने कागद वाचणे, राहणार सांता ब्रिहिदा, वरची आळी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. मला कोणीही भरीस घातलेले नाही. मी शुद्धीवर आहे. परवापासून जेवण जात नाही आणि हाताला थोडा कंप आहे, पण तो आजार नाही, तो येता रविवार आहे. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे कोणीतरी अक्षर पाहून "बाई भानावर नव्हती" असा वाद काढेल. तसले वाद मी पुष्कळ वाचले आहेत.

मरायची मला घाई नाही. पण रविवारी गावसभा आहे, आणि मी तिथे जे वाचून दाखवणार आहे त्यानंतर माझ्याकडे काही उरेल की नाही याची खात्री नाही. आमच्याकडे जमीन गावाची असते. आपण ती फक्त कसतो, आणि गाव रुसले तर गाव ती काढून घेते. तेव्हा द्यायचे ते हातात आहे तोवर देऊन टाकावे, म्हणजे निदान भांडण तरी व्यवस्थित होईल.

सप्टेंबर महिन्यात सरकारी सवलतीमुळे मृत्युपत्रे स्वस्तात करून मिळतात, म्हणून मी आधी खालच्या शहरातल्या नोटरीकडे गेले होते. त्याने माझी यादी वाचली आणि चष्मा काढून पुसला.

"शेत तुमचं नाही, गावाचं आहे. ते इथे चालायचं नाही. घर?"

"खोली आहे. वडिलांच्या घराला लागून."

"वाहन?"

"शेळी."

"बाई, आधी काहीतरी कमवा आणि मग निवांत मरा," तो म्हणाला. मनाने वाईट नव्हता, कॉफीही पाजली. पण त्याचे ऐकण्यात अर्थ नव्हता. म्हणून हे मृत्युपत्र मी आमच्या गावच्या जुन्या रीतीने करते आहे: स्वतः लिहायचे, दोन साक्षीदारांसमोर वाचायचे आणि चावडीतल्या पेटीत ठेवायचे. चारशे वर्षांपूर्वीही आमच्या बाया अशीच मृत्युपत्रे करत होत्या, आमच्याच भाषेत, चर्चच्या लेखनिकाला समोर बसवून. राजधानीच्या दप्तरखान्यात पांढरे हातमोजे घालून मी ती वाचली. माझी पदवी त्यांच्यावरच उभी आहे. त्या बायांनी टर्कीची पिल्लेसुद्धा नावानिशी वाटली होती. मी त्यांच्यापेक्षा ढिसाळ राहणे बरे दिसणार नाही.

एक नियम आरंभीच सांगते, कारण पुढे त्यावरून घोळ होणार आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला त्यावर साक्ष घालता येत नाही.

कलम पहिले. जमीन.

टेकडीच्या उताराला जी पायऱ्यांची शेते आहेत, त्यांतली वरून तिसरी पायरी माझ्याकडे कसायला आहे. मका, घेवडा, आणि बांधावर घायपाताची रोपे. ती मी माझे वडील क्रेसेन्सियो साराते यांना देते. चतुःसीमा येणेप्रमाणे: वरच्या अंगाला दगडी बांध. खालच्या अंगाला दगडी बांध. उगवतीला खडकात कोरलेली जुनी पन्हळ. मावळतीला मोठा काळा खडक, ज्यावर माझ्या भावाने, उबाल्दोने, उत्तरेला कामाला जाण्याआधी एका मुलीचे नाव कोरले. मुलीचे लग्न दुसरीकडे झाले, नाव तसेच आहे, त्यामुळे हद्द पक्की समजावी.

मरू शकेल, चालू शकेल किंवा मत बदलू शकेल अशी कोणतीही वस्तू मी हद्द म्हणून लिहिलेली नाही. माझ्या वाचनातल्या एका म्हाताऱ्याने उत्तरेची हद्द "जिथे दोमिंगोचा कुत्रा झोपतो" अशी लिहून ठेवली होती. त्याची नातवंडे त्यावरून साठ वर्षे कोर्टात गेली. कुत्रा कुठे झोपायचा याची जबानी द्यायला शेजारच्या आळीतले लोक आले आणि प्रत्येकाने वेगळी जागा दाखवली.

कलम दुसरे. खोली.

विटामातीची खोली, पत्र्याचे छप्पर, एक खिडकी. हीही वडिलांना. त्यांनीच ती बांधली, मला रात्री वाचताना दिवा लागतो आणि त्यांना झोप येत नाही म्हणून. "तुझ्यासाठी नाही, माझ्या झोपेसाठी बांधली," असे ते सर्वांना सांगतात. खिडकी मात्र त्यांनी उगवतीला ठेवली आणि तिच्या खालीच टेबल येईल इतकी जागा सोडली. झोपेसाठी बांधलेल्या खोलीला याची गरज नव्हती.

लोकरी घोंगडी, जाड, राखी रंगाची, तीसुद्धा त्यांनाच.

येथे सांगणे भाग आहे की माझे वडील सध्या माझ्याशी बोलत नाहीत. ते शेळीशी बोलतात. सकाळी चुलीपाशी बसून म्हणतात, "शेळ्ये, तिला सांग मीठ संपलंय." मी म्हणते, "शेळ्ये, त्यांना सांग, डब्यात आहे." शेळीला या कामाचा कंटाळा आला आहे असे वाटते. कारण पुढे येईल.

कलम तिसरे. शेळी.

शेळी, तांबडी, डाव्या कानाला चीर, वाईट स्वभाव, दूध चांगले. ही मी माझी आत्या तिमोतेआ हिला देते. आत्याला मी खरे तर साक्षीदार करणार होते, कारण अख्ख्या आळीत तिच्याइतके मोठ्याने बोलणारे कोणी नाही आणि साक्षीला आवाज लागतो. तिला नियम समजावून सांगितला.

"म्हणजे सही केली तर शेळी नाही?"

"नाही."

"आणि शेळी घेतली तर सही नाही?"

"नाही, आत्या."

"मग यात विचार कसला करायचा? सही दूध देते का?"

तर शेळी आत्याला. एवढे नमूद करते की आत्याच्या स्वतःच्या दोन शेळ्या वर्षानुवर्षे माझ्या तिसऱ्या पायरीवरच्या मक्यात चरत आल्या आहेत आणि दर वेळी ती "दोरी तुटली" असे सांगते. ती दोरी मी पाहिली आहे. तिला गाठसुद्धा नाही. तरीही मी मोठ्या मनाने शेळी देत आहे, हे तिने लक्षात ठेवावे.

कलम चौथे. अवजारे.

मोजपट्टी, पन्नास मीटर. सुरुवातीचा तुकडा उबाल्दोच्या ट्रकच्या दारात अडकून तुटला आहे. ती वापरणाऱ्याने प्रत्येक मापातून एक मीटर वजा करावा. कृपया वजा करावा. ही पट्टी गावच्या शाळेला जाईल आणि मास्तरांनी हे वाक्य पट्टीच्या डब्यावर चिकटवावे.

शिसपेन्सिली, बारा-पंधरा. दप्तरखान्यात शाई चालत नाही, त्यामुळे मला शाईची सवय राहिलेली नाही. हा कागद मात्र शाईने लिहिते आहे आणि दर शब्दाला भीती वाटते आहे.

हातमोजे, पांढरे, दोन जोड. आत्याने एकदा त्यांतला एक जोड घालून मोलेचा रस्सा ढवळला, म्हणून एक जोड तपकिरी.

जुनी लिपी वाचायच्या खुणांची कार्डे, बुटाच्या खोक्यात. पेन्सिली आणि हातमोज्यांसह शाळेलाच. एखादी मुलगी विचारायला आली तर खोके तिच्या हातात द्यावे, दुरून दाखवू नये. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेले नव्हते. पहिल्या दिवशी मी बाकावर बसायचे असते की बाकाजवळ, हे न कळून तासभर उभी होते. विचारायला गेलेल्या मुलीला उभे ठेवू नये, एवढेच.

भिंग, पितळी मुठीचे, मालमत्तेतली सर्वांत किमती वस्तू. हे मी चावडीचे सचिव नाबोर कास्तेयानोस यांना देते. यावर गावाला आश्चर्य वाटेल, म्हणून खुलासा करते.

दरवर्षी शिवेची फेरी निघते तेव्हा पुरुष शिवेवरून चालतात, प्रत्येक खुणेच्या ढिगावर आपापला दगड टाकतात, ढिगाला चुना फासतात आणि मेस्कालची दारू पितात. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी फेरीला येते म्हणाले तर नाबोर म्हणाले, "शिवेवर बाईमाणूस नको. फार तर तोर्तियांची टोपली धर." मी टोपली धरली. संपूर्ण शीव मी डोक्यावर मक्याच्या त्या भाकऱ्या घेऊन चालले, पावलांनी मोजली, आणि प्रत्येक ढिगाशी पुरुष खायला बसले की मी ढिगाभोवती फिरून नोंद केली. त्या सर्वेक्षणाला माझ्या विद्यापीठाने विशेष गुण दिले. तोर्तिया कमी पडल्याची तक्रार नाबोर अजून करतात.

तर भिंग त्यांना. चावडीत जे रंगवलेले जुने कापड आहे, ज्यावर आपली टेकडी, शीव आणि शिवेवरून चालणारी पावले काढलेली आहेत, त्यावर झऱ्याच्या जागी दोन बाया एकमेकींसमोर वाकलेल्या आहेत. त्या जागेचे जुने नावच तसे आहे: दोघी वाकतात ती जागा. नाबोर दर सभेत सांगतात की त्या दोघी आपल्याच, आई आणि मुलगी. त्यांनी भिंग घ्यावे आणि उजवीकडच्या बाईच्या लुगड्याचा काठ पाहावा. आपल्या बायांच्या लुगड्याला आडवे पट्टे असतात. तिच्या काठाला नागमोडी रेघ आहे. तसले काठ शेजारच्या सान गास्पार गावच्या बाया आजही विणतात, आणि नाबोर यांच्या सासूबाई सान गास्पारच्याच होत्या. त्यांनी तो काठ जेवायच्या ताटासमोर वीस वर्षे पाहिला असेल.

कलम पाचवे. झऱ्यावरचा दगड.

आता मुख्य गोष्ट.

माझ्या आईचा, सेवेरा बाउतिस्ता हिचा, धुण्याचा दगड झऱ्यावर वरच्या काठाला आहे. तिच्या आईचा होता, आता माझा आहे. त्याच्या समोर, पाण्यापलीकडे, सान गास्पारच्या रोमुआल्दा मावशींचा दगड आहे. पुरुष एकमेकांवर खटले भरत होते तेव्हा या दोघी तीस वर्षे समोरासमोर वाकून एकमेकींच्या नवऱ्यांची निंदा करत होत्या. आई गेली तेव्हा मावशी आमच्या घरी आल्या नाहीत, कारण त्या वर्षी गावांचे बिनसले होते. त्यांनी आईच्या दगडावर झेंडूची फुले ठेवली. ती आम्हाला दोन दिवसांनी, धुवायला गेल्यावर दिसली.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गावाने झऱ्यावर टाकी बांधली आणि झडपेला कुलूप लावले. झडप उघडली की पाणी दगडांकडे येते, नाहीतर नाही. शुक्रवारी आमचा धुण्याचा दिवस असतो. आमचे धुणे उरकले की कुलूप लागते, आणि सान गास्पारच्या बाया दगडांत साचून उरलेल्या पाण्याला बसतात. किल्ली त्या वर्षीच्या शिवेच्या कारभाऱ्याकडे असते. यंदाचे कारभारी माझे वडील आहेत.

हे कुलूप कोर्टात टिकावे म्हणून झरा आपल्याच शिवेत आहे असा कागद गावाला हवा आहे. त्यासाठी गावाने माझी निवड केली. मी शिकत होते तेव्हा घरोघरीचे लोक मला बसभाडे देत होते, अंडी देत होते, एका आजीने तर टोप्या विणून बूट घेऊन दिले. आता सगळे रस्त्यात थांबवून प्रेमाने विचारतात, "झालं का गं लिहून? आपलाच निघाला ना?" मी "होत आलंय" म्हणते आणि गल्ली बदलते. हल्ली मला घरी जायला गावाला वळसा घालावा लागतो.

कागद काय सांगतात ते असे. सहाशे वर्षांपूर्वी आम्ही सगळे टेकडीच्या माथ्यावर राहत होतो, एकाच गावात, दोन आळ्या करून. मृत्युपत्रांतल्या हद्दी एकीला एक जोडत मी त्या गावातली बरीचशी घरे आणि कोणती पायरी कोणाची हे कागदावर उभे केले आहे. पुढे समुद्रापलीकडून आलेल्या राजाच्या माणसांनी लोकांना खाली आणून दोन चर्चांभोवती बसवले. एक आळी झाली सांता ब्रिहिदा, दुसरी सान गास्पार. जमीन वाटली गेली. झरा वाटला गेला नाही, कारण तो मुळातच दोन आळ्यांच्या मध्ये होता. तो हद्दीच्या अलीकडे नाही आणि पलीकडे नाही. झरा हीच हद्द आहे.

पुरुषांच्या कागदांत हे सापडत नाही. ते "ढिगापासून ढिगापर्यंत" एवढेच लिहितात. पण आमच्याच गावच्या अकरा बायांनी मरताना आपापला धुण्याचा दगड मुलीला किंवा सुनेला दिला आहे, आणि अकराही जणींनी त्याची हद्द एकाच तऱ्हेने सांगितली आहे: पाण्याच्या वरच्या काठाला, समोर सान गास्पारच्या बाया.

मग आज शिवेचा ढीग झऱ्याच्या खाली, आणि झरा आमच्या बाजूला, कसा? आमचे लोक म्हणतात तो तिथेच होता. सान गास्पारचे म्हणतात आम्ही तो रात्रीतून हलवला. दोन्ही खोटे आहे. कोणीही काही चोरलेले नाही. ढीग उतारावर आहे. आमचे पुरुष वरून येतात, दमलेले असतात, आणि दगड वरूनच भिरकावतात. तो घरंगळत खालच्या अंगाला जातो. सान गास्पारचे पुरुष खालून चढून येतात, तेही दमलेले असतात, आणि पहिली जागा दिसेल तिथे, म्हणजे खालच्याच अंगाला, दगड टेकवतात. नवा चुना दरवर्षी नव्या दगडांना. चारशे वर्षे दोन्ही गावांनी मिळून, भक्तिभावाने, मेस्काल पिऊन, ढीग खाली ढकलत नेला आहे. वरच्या बाजूला निवडुंगाच्या जाळीत जुने दगड अजून आहेत. त्यांच्यावर चुन्याचे इतके थर आहेत की फोडल्यावर पाव कापल्यासारखे दिसतात. तो मूळ ढीग बरोबर पाण्याच्या काठाला आहे.

हे मी वडिलांना सांगितले तेव्हा ते ताडाच्या पातीची टोपी विणत होते.

"बाबा, झरा आपल्या एकट्यांचा नाही."

हात थांबले नाहीत. "कोण म्हणतं?"

"आपल्याच बाया."

"कोणत्या?"

"मेलेल्या. अकरा जणी."

"आणि बाप्ये काय म्हणतात?"

"बाप्यांनी पाण्याचं नावच काढलेलं नाही. ते कधी धुवायला गेले?"

त्यांनी पात आवळली, टोपी पुरी केली, डोक्यावर घालून पाहिली. "यंदा मी कारभारी आहे, फिदे," एवढेच बोलले आणि बाहेर गेले. तेव्हापासून आमच्यामध्ये शेळी आहे.

त्यांचे म्हणणे मला कळते. गावाने आयुष्यात प्रथमच त्यांना मोठे पद दिले आहे. एरवी ते चर्चची घंटा वाजवत आणि मिरवणुकीत फटाके उडवत आले. रविवारी ते टेबलाशी कारभाऱ्याची मानाची काठी घेऊन बसणार, आणि त्यांचीच मुलगी उठून सांगणार की कुलूप चुकीच्या दारावर आहे. त्यांनी मान खाली घातली तर गाव मला बाहेर काढील. त्यांनी मान वर ठेवली तर आम्हा दोघांना. ते कोणती करतील हे मला माहीत नाही, आणि खरे तर हाताचा कंप तेवढ्यासाठीच आहे. तरी मी वाचणार. अकरा जणींनी मरतेवेळी सांगितलेले मी आंबट तोंड करून गिळू शकत नाही, नाहीतर पुढे कोणाचेही मृत्युपत्र वाचायचा मला अधिकार काय?

तेव्हा सदर दगड मी कोणालाही देत नाही. तो आहे तिथे राहावा. कोणी तो घरी नेऊ नये, फोडू नये, पायरीला लावू नये आणि त्याच्यावर सिमेंटचा नळ बसवू नये. चतुःसीमा: मागे सांता ब्रिहिदा. पुढे पाणी. पाण्यापलीकडे सान गास्पारच्या बाया.

कलम सहावे. शिल्लक आणि अंत्यविधी.

पतपेढीच्या पासबुकात असेल ती रक्कम अंत्यविधीला लावावी. बँडने तीनच गाणी वाजवावीत आणि तुतारीवाल्याला आधी जेवू घालू नये, त्याचा सूर जातो. मला आमच्या दफनभूमीतच पुरावे. "दोन्ही गावांच्या मध्ये पुरा" असे हृदयस्पर्शी काही कोणी सुचवले तर ऐकू नये, मी त्या जागेवरून नवा खटला होऊ देणार नाही.

मृतांच्या दिवशी माझ्यासाठी नैवेद्य मांडाल त्यात घेवडा भरलेले मक्याचे तामाले, काळी कॉफी आणि एक तासलेली पेन्सिल ठेवावी. पदवीदानाचा फोटो ठेवू नये, त्यात टोपी घसरली आहे आणि मी ती पकडताना शिंकल्यासारखी दिसते. उबाल्दोकडे दुसरा आहे, ज्यात मी आणि आई धुणे पिळतो आहोत. तो मागवून घ्यावा.

कलम सातवे. हिशेब राहिलेले.

माझ्या सर्वेक्षणाचा नकाशा राजधानीतल्या ज्या विद्वान गृहस्थांनी स्वतःच्या भाषणात दाखवला आणि खाली "एका स्थानिक मदतनिसाकडून" असे लिहिले, त्यांना मी काहीही देत नाही. नकाशासोबतच्या, पट्टीने घेतलेल्या गावाच्या कच्च्या मापांतून त्यांनी तो एक मीटर वजा केलेला नव्हता. त्यांच्या पुस्तकात आमचे सगळे गाव थोडे लांबट छापले जाणार आहे. मी कळवले नाही.

येथवर मी घरी लिहिले. पुढचे झऱ्यावर बसून लिहिते आहे, आईच्या दगडावर कागद ठेवून, कारण आज शुक्रवार आहे आणि साक्षीदार इथेच मिळण्यासारखे आहेत. कागदाचा कोपरा भिजला आहे. ते पाणी आहे, दुसरे काही समजू नये.

रोमुआल्दा मावशींना मी विचारले. त्या बादली उपडी करून तिच्यावर बसल्या आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

"मला यात काय मिळतंय?" त्यांनी विचारले.

"काहीच नाही, मावशी."

"शेळीपण नाही?"

"ती आत्याला."

"बरं झालं. ती मारकी आहे. दे इकडे, सही करते. तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरगी भित्री आहे पण ऐकत नाही."

एक साक्षीदार झाला. दुसऱ्याचा विचार करत होते तेवढ्यात वडील दिसले, झडपेचे कुलूप लावायला आलेले. आमचे धुणे उरकले होते. सान गास्पारच्या बाया बसायच्याच होत्या. वडील टाकीजवळ उभे होते, किल्ली हातात. मी वाचताना ते कधीपासून तिथे होते हे मला माहीत नाही. निदान ढिगापासून तरी असावेत, कारण त्यांनी निवडुंगाच्या जाळीकडे एकदा मान वळवून पाहिले.

"पहिलं कलम पुन्हा वाच," ते म्हणाले. शेळी घरी होती. ते माझ्याशी बोलत होते.

मी वाचले. जमीन क्रेसेन्सियो साराते यांना.

"खोड."

"का, बाबा?"

"तिमोतेआला दे. तिच्या शेळ्या तशाही तिथेच चरतात, दोरीचा खर्च वाचेल. दुसरं वाच."

खोली आणि घोंगडी.

"तेही खोड. खोली उबाल्दोला. घोंगडी या मावशीला दिली असती, पण तिने सही केली. कोणालाही दे."

"पण तुम्हाला मग काहीच राहत नाही."

"तोच नियम वाचलास ना आत्ता? ज्याला मिळतं त्याला साक्ष घालता येत नाही म्हणून." त्यांनी अंगठा पुढे केला. "शाई आहे का? पेन्सिलीचा अंगठा उठायचा नाही."

मावशी म्हणाल्या, "क्रेसेन्सियो, रविवारी लोक तुझी काठी काढून घेतील."

"घेऊ देत. जड आहे." मग माझ्याकडे वळले. "साक्षीदारानं काय करायचं असतं गं? फक्त अंगठा?"

"कोणी विचारलं तर उभं राहून सांगायचं, की हे माझ्यासमोर वाचलं आणि हे खरं आहे."

"मग रविवारी उभा राहीन. तसंही त्या खुर्चीत पाठ दुखते." किल्ली वर धरून त्यांनी विचारले, "आणि किल्लीचं कलम कुठे आहे?"

"किल्ली माझी नाही, बाबा. मला ती देता येत नाही."

त्यांनी किल्लीकडे पाहिले. "माझीही नाही," ते म्हणाले, आणि ती दोन्ही दगडांच्या मधल्या कपारीत ठेवली. पाणी चालूच होते. सान गास्पारच्या बाया बसल्या.

दुरुस्ती: कलम पहिले व दुसरे यांतील क्रेसेन्सियो साराते हे नाव त्यांच्या समक्ष व त्यांच्याच सांगण्यावरून खोडले आहे. जमीन तिमोतेआ साराते हिला, खोली उबाल्दो साराते याला, घोंगडी ज्या मुलीला बुटाचे खोके मिळेल तिला. खाडाखोड माझीच असून ती मला मान्य आहे. एवढी सुंदर खाडाखोड मी कोणत्याही दप्तरात पाहिलेली नाही.

हे वाचून पाहिले. हाताचा कंप थांबला आहे, ते अक्षरावरून कळेलच.

सही: फिदेन्सिया साराते बाउतिस्ता

साक्षीदार:

१. रोमुआल्दा पाचेको, राहणार सान गास्पार. सही केली. या पत्रान्वये यांना काहीही मिळत नाही.

२. क्रेसेन्सियो साराते, राहणार सांता ब्रिहिदा, शिवेचे कारभारी, निदान रविवारपर्यंत. उजव्या हाताचा अंगठा. या पत्रान्वये यांनाही काहीही मिळत नाही.

तारीख: १२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार, धुण्याचा दिवस.

ठिकाण: येथे गावाचे नाव लिहायचे असते. कोणते लिहावे यावर दोन्ही साक्षीदारांचे एकमत झाले नाही, म्हणून जुने लिहिले आहे: दोघी वाकतात ती जागा.